जालन्याची पाणकासवे आणि उन्हाळ्यातील गाळ

महाराष्ट्रात कासवांच्या संवर्धनाचा विषय निघाला की लक्ष कोकणाकडे वळते. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे २००२ पासून ऑलिव्ह रिडले या सागरी कासवांची घरटी जपण्याचे काम सुरू झाले आणि पुढे तेथील कासव महोत्सवाने ते घरोघरी पोहोचवले. गोड्या पाण्यातील कासवांच्या वाट्याला असे कौतुक आलेले नाही. जालन्यासारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात तर आपल्या शिवारात कासव राहते, हे अनेकांना विहिरीचा किंवा तलावाचा गाळ काढतानाच समजते.

जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. अंबड, घनसावंगी आणि परतूर हे तालुके तिच्या काठाचे. आतल्या भागात पूर्णा आणि दुधना या नद्या असून, जालना शहरातून कुंडलिका जाते. शहराची तहान भागविण्यासाठी निजामाच्या राजवटीत बांधलेला घाणेवाडीचा तलाव याच कुंडलिकेवर आहे. यांतील बहुतेक प्रवाह उन्हाळ्यात आटतात. पात्रात उरतात ते डोह, आणि डोहही आटले की उरतो तो ओला गाळ. येथील कासवाचे जगणे याच गाळावर बेतलेले आहे.

इंग्रजीत 'फ्लॅपशेल' म्हणतात ते कासव (शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा) भारतातील तळी, कालवे, भातखाचरे आणि विहिरी अशा ठिकाणी सर्वत्र आढळते. पाठ कातडीसारखी गुळगुळीत, रंग शेवाळी-तपकिरी, नाकाचा शेंडा लहानशा नळीसारखा. पोटाकडच्या मागील बाजूस दोन झडपा असतात. पाय आत ओढून घेतले की त्या झडपा त्यांवर बसतात, म्हणून हे नाव. गोगलगाई, कीटक, बेडूक, मेलेले मासे आणि पाणवनस्पती असे काहीही ते खाते. साचलेले पाणी कुजण्यापासून वाचविणाऱ्या सफाई कामगारांत त्याची गणना करायला हरकत नाही. पाणी संपू लागले की ते दुसरे पाणी शोधत जमिनीवरून चालू लागते, नाही तर चिखलात स्वतःला गाडून घेते. हालचाल थांबते, श्वसन मंदावते आणि पावसाची वाट पाहत ते महिनोन्महिने तसेच पडून राहते. थंड प्रदेशातील प्राण्यांच्या शीतनिद्रेसारखीच ही ग्रीष्मनिद्रा.

अडचण नेमकी येथे आहे. तलावातील गाळ काढण्याचा हंगामही हाच. राज्य शासनाने २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आणली. त्याआधी, २०१२-१३ च्या भीषण दुष्काळानंतर, घाणेवाडीतील गाळ लोकसहभागातून मोठ्या प्रमाणावर उपसला गेला. ही कामे आवश्यकच आहेत. मोसंबीच्या बागा जळताना पाहिलेल्या जिल्ह्याला कासवासाठी तलाव उथळ ठेवा, असे कोणी सांगू नये. मात्र पोकलेनच्या दातांखाली किंवा ट्रॉलीतल्या ढिगाऱ्यात निद्रिस्त कासव सापडले तर ते दगडासारखेच दिसते, आणि शेतात पसरलेल्या गाळात उन्हाने भाजून मरते. यावरचा उपाय खर्चिक नाही. खोदाई एका काठाकडून टप्प्याटप्प्याने न्यावी, काठालगतचा ओलसर पट्टा न उकरता सोडावा आणि ओला थर उचलताना यंत्रापुढे एक माणूस उभा करावा. गाळ किती घनमीटर निघाला याची नोंद होतेच. त्याच कागदावर सापडलेल्या कासवांचा एक रकाना असता, तर जिल्ह्यातील पाणकासवांची पहिली बऱ्यापैकी यादी आपोआप तयार झाली असती.

गोदावरीतील दुसऱ्या कासवाची गोष्ट अधिक गंभीर आहे. लीथचे मऊ पाठीचे कासव (निल्सोनिया लेईथी) केवळ द्वीपकल्पीय भारतात आढळते. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८७२ मध्ये पुण्याच्या नमुन्यावरून त्याचे वर्णन केले, म्हणजे जगाला त्याची ओळख महाराष्ट्रातूनच झाली. हे मोठ्या नद्यांचे कासव आहे. त्याची पाठ दोन फुटांपर्यंत वाढते. मांसासाठी आणि कवचाच्या कडेच्या कूर्चेसाठी त्याची बेसुमार शिकार झाली. गेल्या ३० वर्षांत त्याची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटल्याचा अंदाज भारत सरकारने मांडला आणि त्याच आधारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा येथील 'साइट्स' परिषदेत त्याला पहिल्या परिशिष्टात, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी असलेल्या जातींत, स्थान मिळाले. जागतिक लाल यादीत ते 'अतिसंकटग्रस्त' आहे. अशा कासवाला खोल डोह हवेत आणि अंडी घालण्यासाठी न उकरलेला काठ हवा. पैठणच्या खाली जोगलादेवी, मंगरूळ, लोणी सावंगी अशा बंधाऱ्यांनी डोह दिले, हे मान्य केले पाहिजे. पण बंधाऱ्यांच्या मधल्या पात्रातून वाळू उपसली जाते, काठ खचतात आणि अंड्यांना जागा उरत नाही. वाळूचा प्रश्न आपल्याकडे महसुलाचा आणि गुन्हेगारीचा मानला जातो. तो प्रसूतिगृहाचाही आहे.

विहिरीत कासव सोडले की पाणी स्वच्छ राहते, असा ग्रामीण भागात जुना समज आहे. हेतू चांगला, परिणाम वाईट. उभ्या बांधीव विहिरीतून कासवाला वर येता येत नाही, त्यामुळे मादीला अंडी घालायला जमीन मिळत नाही. अशी एक विहीर म्हणजे एका कासवाची जन्मठेपच.

समजुतीचा याहून क्रूर प्रकार म्हणजे 'वीस नख्यांचे कासव'. ते लाभले तर पैशांचा पाऊस पडतो, अशी थाप मारून राज्यात वेळोवेळी लोकांना लुबाडले गेले आहे. साधा हिशेब मांडला तरी ही थाप उघडी पडते. फ्लॅपशेल आणि मऊ पाठीच्या कासवांना प्रत्येक पायाला तीनच, म्हणजे एकूण १२ नख्या असतात. काळ्या तळ्यातील कासवाच्या पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार, म्हणजे १८. जमिनीवरच्या तारा कासवाचीही गणती १८ वरच थांबते. जादूटोणाविरोधी कायदा राज्यात २०१३ पासून लागू आहे, पण अशा व्यवहारात सापडणाऱ्याला खरी जरब वन्यजीव कायद्याची असते. फ्लॅपशेल कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते पकडणे, विकणे किंवा घरी बाळगणे यासाठी किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. 'वास्तुदोष निवारणासाठी' फिशटँकमध्ये देशी कासव ठेवणाऱ्या शहरी कुटुंबांनाही हा कायदा लागू आहे.

त्याच फिशटँकमधील लाल कानपट्टीचे 'रेड-इअर्ड स्लायडर' मात्र अमेरिकेतील आहे. मोठे झाल्यावर कंटाळून त्याला जवळच्या तलावात सोडणे ही भूतदया नव्हे. ते देशी कासवांच्या अन्नावर आणि जागेवर हक्क सांगते, शिवाय रोगही नेते.

जखमी किंवा अडकलेले कासव आढळल्यास वन विभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे. तोवर त्याला शेपटीने किंवा पायाने न उचलता कवचाच्या मागच्या कडांना दोन्ही हातांनी धरावे. मान लांब असते आणि चावा कडक. पाण्याने भरलेल्या बादलीपेक्षा ओले गोणपाट घातलेली पाटी बरी, कारण दमलेले कासव खोल पाण्यात बुडू शकते. गळ गिळला असेल तर दोरी ओढू नये, पशुवैद्यकाकडे न्यावे. गाळात निजलेले कासव मिळाले तर धुऊन धरणात फेकण्याची घाई करू नये. त्याच तलावाच्या सावलीच्या, ओल्या काठावर ते पुन्हा चिखलात ठेवावे. दुसऱ्या खोऱ्यातील नदीत तर कधीच सोडू नये.

जूनमधील पहिल्या मोठ्या पावसानंतर ही कासवे गाळातून वर येतात आणि नवे पाणी शोधत बांध, पांदण, प्रसंगी डांबरी रस्ताही ओलांडतात. अशा वेळी गाडी थांबवून कासवाला ज्या दिशेने ते निघाले आहे, त्याच बाजूला रस्त्यापलीकडे ठेवावे. मागे नेऊन ठेवल्यास ते पुन्हा रस्त्यावर येते.