पांढरी कावीळ

संस्कृतातली ‘कामला’ मराठीत ‘कावीळ’ झाली, ती ‘ग्राम’चे गाव आणि ‘नाम’चे नाव झाले त्याच वाटेने. दोन स्वरांमधला ‘म’ सैल पडला आणि त्याचा ‘व’ झाला. चरकसंहितेत कामला पांडुरोगासोबत येते, इतका हा शब्द जुना. आपण तो ओळखतो मात्र रंगावरून: डोळे पिवळे, लघवी पिवळी.

डॉक्टरांचा ‘हिपॅटायटिस’ अवयवावरून आला. ग्रीक ‘हेपार’ म्हणजे यकृत, आणि ‘हेपार’ व ‘यकृत’ ही एकाच मूळ शब्दाची लेकरे. पुढे अक्षरे लागली. १९४७ मध्ये ब्रिटिश संशोधक मॅकॅलम यांनी दूषित अन्नपाण्यातून येणाऱ्या आजाराला ‘ए’ आणि रक्तातून येणाऱ्याला ‘बी’ म्हणावे असे सुचवले. त्यानंतर जो आढळला त्याला कित्येक वर्षे ‘ना ए, ना बी’ असे नकाराचेच नाव होते. १९८९ मध्ये तो ‘सी’ झाला. ‘डी’ला वाढायला ‘बी’चा आधार लागतो. ‘ई’ पुन्हा पाण्याचा. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेतून उचललेल्या पिण्याच्या पाण्यात सांडपाणी शिरले आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली; ती ‘ई’ होती हे फार उशिरा कळले. गरोदर बाईच्या ती जिवावर बेतू शकते.

आपल्याकडे ‘बी’ला लोक ‘पांढरी कावीळ’ म्हणतात. पिवळेपणावरून ओळखल्या जाणाऱ्या आजाराला पांढरी म्हणणे विसंगत वाटेल, पण मला हे नाव फार नेमके वाटते. ‘बी’ आणि ‘सी’ अनेकदा डोळे पिवळे न करताच वर्षानुवर्षे यकृत पोखरतात. दूषित सुई, न तपासलेले रक्त, दुसऱ्याचा वस्तरा यांतून ते येतात. ‘बी’ शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळालाही जातो.

गावोगावी माळ घालून कावीळ ‘उतरवतात’. ‘ए’ आणि ‘ई’ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बऱ्या होतात, श्रेय माळेला मिळते. शरीरात मुरलेली पांढरी अशी उतरत नाही.

म्हणून पिवळेपणाची वाट पाहू नका. रक्त तपासून घ्या. ‘सी’ आता गोळ्यांनी बरा होतो. आणि घरात बाळ जन्मले तर ‘बी’ची लस चोवीस तासांच्या आत टोचली का, हे जरूर विचारा.