सायखड्याचं कूळ

जळकोटला आमच्या शाळेत सरांनी एकदा पायमोज्याची बाहुली करून हातात घातली. सरांपुढं कधी तोंड न उघडणारी चौथीतली एक पोरगी बाहुलीला म्हणाली, "जेवलीस का गं?" हात सरांचा आहे हे तिला दिसत होतं. तरी तिनं विचारलं बाहुलीलाच. माणसाशी गप्पा मारणाऱ्या यंत्रमानवाचं कूळ मला तिथं सापडतं.

‘रोबो’ हा शब्द मात्र दुसऱ्या घरचा. चेक लेखक कारेल चापेक यांनी तो १९२० च्या नाटकात आणला. सुचवला त्यांचे भाऊ योसेफ यांनी. ‘रोबोटा’ म्हणजे वेठ. आपला जुना शब्द खेळातला आहे. कळसूत्री बाहुलीला ज्ञानेश्वरीत ‘सायखडे’ म्हटलंय. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी तो खेळ आजवर जपला.

पुढं ही बाहुली बोलू लागली. यशवंत केशव पाध्ये यांनी १९१६ च्या सुमारास अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याला जन्म दिला. १९६७ पासून पाध्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये अर्धवटरावांना बोलतं ठेवत आले. बाहुलीला बोलतं करण्याच्या या कलेला शब्दभ्रम म्हणतात. प, फ, ब, भ, म म्हणायला ओठ मिटावे लागतात. ओठ न हलवता ‘बाबा’ म्हणायचं, तर जिभेनं ‘द’च्या जवळचा आवाज काढून ‘ब’चा भास द्यावा लागतो. पण माझ्या मते खरं कसब नजरेत आहे. बाहुली बोलताना कलावंत तिच्याकडं बघतो, आणि सगळं सभागृह तिकडंच बघतं.

१९९० च्या दशकाअखेरीस अमेरिकेत एमआयटीत सिंथिया ब्रेझील यांनी याच कुळातला ‘किस्मेट’ हा यंत्रमानव घडवला. नाव आपल्या ‘किस्मत’चंच. नुसतं डोकं: टपोरे डोळे, हलणाऱ्या भुवया, लाल ओठ. त्याला भाषा येत नव्हती, बाळासारखं बडबडायचा. कुणी चेहरा फार जवळ नेला, की तो मागं सरायचा. माणसं आपोआप पुरेसं अंतर ठेवायची, आपली पाळी येईतो थांबायची.

किस्मेट हुबेहूब माणसासारखा नव्हता, हेही बरंच. जपानी अभियंते मासाहिरो मोरी यांनी १९७० सालीच बजावलं होतं, की यंत्र माणसासारखं होत होत अगदी हुबेहूब होण्याच्या जरा अलीकडं आलं, की अंगावर काटा येतो. आपलंसं वाटण्याच्या बाबतीत त्यांनी वरचं स्थान दिलं ते जपानच्या बुनराकू खेळातल्या बाहुल्यांना. त्या खेळात बाहुली नाचवणारे रंगमंचावर उघड दिसतात.

सरांनी त्या दिवशी लगेच उत्तर दिलं नाही. आधी बाहुलीची मान पोरीकडं वळवली. थोडं थांबले. मग बाहुली म्हणाली, "नाही गं. तू?"