खाजनातले मीठ

गोव्यात मांडवी नदीतील चोडण आणि दिवाडी ही बेटे चहूबाजूंनी भरती-ओहोटीच्या पाण्याने वेढलेली आहेत. त्यांच्या काठची सखल शेते म्हणजे खाजन, अर्थात बांध घालून खाडीकडून मिळवलेली जमीन. बांदोडे येथील मौर्य राजा अनिर्जितवर्म्याच्या ताम्रपटात ‘खज्जन’ जमिनीचा उल्लेख येतो, इतकी ही शेती जुनी. बांधांची देखभाल गावकरीकडे, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेकडे असे. १५२६ मध्ये पोर्तुगिजांनी गावकरीचे रिवाज फोराल नावाच्या सनदेत नोंदवले.

खाजनाचा जीव मानशीत असतो. मानस म्हणजे बांधातील लाकडी दार. भरतीचे पाणी त्यावर रेटले की ते आपोआप मिटते. ओहोटीला आतले पाणी त्याला ढकलून बाहेर पडते. उन्हाळ्यात जमिनीखालची खारी ओल वर चढून सुकते आणि ढेकळांवर मिठाचा पांढरा थर धरतो. मृगाच्या पावसात तो विरघळतो, मानशीतून खाडीत जातो, आणि मगच कोरगुट भाताचा पेरा होतो. पेरणीची वेळ साधणे हेच मिठाचे जुने मोजमाप होते.

आकड्यांतले मोजमाप नंतर आले. विजेचा प्रवाह खाऱ्या मातीतून सहज वाहतो, या गुणाचा उपयोग अमेरिकेत व्हिटनी आणि मीन्स यांनी १८९७ मध्ये केला. पुढे रिव्हरसाइडच्या क्षारता प्रयोगशाळेने १९५४ च्या पुस्तिकेत पद्धत पक्की केली. वाळवून चाळलेल्या मातीत शुद्ध पाणी घालत ती कालवायची. लगदा चकाकू लागला, कलथ्यावरून हळूच घसरू लागला की थांबायचे. त्यातून ओढून काढलेल्या पाण्याची विद्युतवाहकता मोजतात. ती ४ डेसिसीमेन्स प्रति मीटरवर गेली की जमीन खारी मानतात. भाताचे उत्पन्न मात्र ३ च्या पुढेच घटू लागते. समुद्राच्या पाण्याची वाहकता ५० च्या आसपास असते.

खाजनात एकच आकडा पुरत नाही. मे महिन्यातले शेत आणि भर पावसानंतरचे तेच शेत यांत मोठा फरक पडतो. म्हणून नमुन्यासोबत महिना आणि खोली नोंदवावी लागते.

१९६४ च्या कूळ कायद्यानंतर गावकरीची पकड सैल झाली आणि पुढे बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे गेली. बांध फुटला की खाडी शेतात शिरते आणि धुतलेले मीठ परत येते. जुने गोवे येथील कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातूनच क्षार सोसणारे निवडक वाण काढले आहेत. पण बांध आणि मानस धड असतील तरच त्यांनाही गोडे पाणी मिळते.