कच्चा लिंबू (लिंबूटिंबू)

मुलांच्या अंगणातल्या खेळांत वयाने लहान किंवा नवख्या भिडूला दिलेले सवलतीचे स्थान. कच्चा लिंबू सगळ्यांबरोबर धावतो, लपतो. पण बाद झाला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. लपंडाव, डबा ऐसपैस, पकडापकडी अशा खेळांत ही चाल रूढ आहे. ‘सुटणे’, ‘टाइमप्लीज’ यांच्याप्रमाणे हा नियमही मुलांनीच केला आणि मोठ्या मुलांकडून लहानांकडे आला. मुलांची मैत्री नियम आपसांत ठरवण्यातून घडते, याचा हा साधा पण भक्कम पुरावा होय. मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी १९३२ च्या ग्रंथात गोट्या खेळणाऱ्या स्विस मुलांविषयी नोंदवले : लहानांना नियम अढळ वाटतो, दहा-अकरा वर्षांच्या सुमारास तो सर्वांच्या संमतीने बदलता येतो, हे त्यांना उमगते.

कल्पनेच्या खेळात लहानग्याला सामावून घेण्याची ही तडजोड अधिक ठळक होते. मालाडजवळच्या मढसारख्या कोळीवाड्यात जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवतात. अशा होडीत खेळ मांडायचा, तर एकाने तांडेल (होडीचा प्रमुख) व्हायचे, बाकीच्यांनी खलाशी. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी १९३३ च्या व्याख्यानात सांगितले, की कल्पनेच्या खेळालाही नियम असतोच. म्हणजे तांडेल झालेल्याला तांडेलासारखेच वागावे लागते. चार वर्षांच्या भावंडालाही मग काम द्यावे लागते. त्याला पाणी उपसायला बसवले, की होडीत नसलेले पाणी ते मनापासून उपसते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की ही नुसती दया आहे. लहानग्याला खेळात खरे स्थान नसतेच. पण ही सवलत कायमची नसते. एके दिवशी कच्चा लिंबूच ‘मलाही राज्य द्या’ म्हणून हटून बसतो. तोवर बघत बघत तो खेळ शिकलेला असतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : मोकळ्या खेळात दांडगाई होते, एखाद्याला वगळले जाते, त्यापेक्षा प्रशिक्षकाच्या देखरेखीखालचा खेळ बरा. दांडगाई होते हे खरे, आणि हाकेच्या अंतरावर मोठे माणूस असावेच. पण पंच नसलेल्या खेळात रुसलेला भिडू घरी निघून जाऊ शकतो आणि भिडू गेले तर खेळच मोडतो. म्हणून त्याची समजूत काढावी लागते. कट्टीनंतर बट्टी करावी लागते. वयोगटांत विभागलेल्या प्रशिक्षण वर्गात कच्चा लिंबू उरतच नाही.

ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा शाळाच मुलांच्या अंगणात नेली आणि शंख-शिंपले, पाने, खडे यांनाच साधने केले. कोळीवाड्यात मासळी सुकवायची, जाळी विणायची मोकळी जागा हेही असेच अंगण आहे. मोठी माणसे तिथे कामात असतात आणि सगळ्या वयांची मुले एकत्र येतात. ती जागा रिकामी समजून तिथे बांधकाम केले, तर मासळीच्या वाळवणाबरोबर लहानग्याला सामावून घेण्याची ही रीतही जाईल.