मोटरसायकल सुरू न होणे
(लहान इंजिनाची, मुख्यतः शिंदखेडा तालुका व लगतच्या खानदेशातील वापराच्या संदर्भात). साधारण ५० ते १२५ घ. सेंमी. क्षमतेच्या दुचाकीचे इंजिन किक किंवा सेल्फ मारूनही न पेटणे. इंजिन पेटण्यासाठी सिलिंडरात योग्य प्रमाणात पेट्रोल व हवा यावी लागते, दट्ट्याने ते मिश्रण दाबावे लागते आणि नेमक्या क्षणी प्लगला ठिणगी पडावी लागते. यांतले एक चुकले तरी गाडी उभी राहते. दोष शोधताना आधी ठिणगी, मग पेट्रोल, मग हवा आणि शेवटी दाब, हा क्रम सर्वांत कमी खोलाखोलीचा आहे. प्रत्यक्षात मात्र बहुतेक ठिकाणी सर्वप्रथम कार्ब्युरेटर उघडला जातो, आणि चांगल्या गाडीचा बिघाड तेथूनच सुरू होतो.

स्थानिक पार्श्वभूमी : शिंदखेडा हे धुळे जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण सुरत–भुसावळ लोहमार्गावर आहे. दोंडाईचा ही तालुक्यातील मोठी बाजारपेठ. मुडावद येथे पांझरा तापीला मिळते. तापीकाठची काळी जमीन, शेतरस्त्यांची धूळ, कडक उन्हाळा आणि हिवाळ्यात बराच खाली उतरणारा पारा हे सर्व गाडीला सोसावे लागते. येथे मोटरसायकल हे शेतीचेच एक अवजार आहे : तिच्यावर दुधाचे कॅन, खताची गोणी, फवारणीचा पंप वाहिला जातो. सकाळी ती सुरू झाली नाही तर डेअरीची वेळ चुकते.

गाड्यांचे प्रकार : महाराष्ट्रातील लहान इंजिनाच्या दुचाकींच्या इतिहासाचा मोठा भाग लूनाचा आहे. फिरोदिया परिवाराच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथून १९७२ साली ही ५० घ. सेंमी.ची, टू-स्ट्रोक, पायडलची मोपेड बाजारात आणली. तिचा मूळ आराखडा इटलीतील पियाजिओच्या ‘चाव’ या मोपेडचा. स्टँडवर चढवून पायडल मारायचे, इंजिन पेटले की गाडी खाली उतरवायची, अशी तिची रीत होती. पेट्रोलमध्ये टू-टी तेल मिसळावे लागे. मिश्रणात तेल जास्त झाले की प्लग तेलकट होऊन विझे, कमी झाले की दट्ट्या चिकटे. तिची ठिणगी मॅग्नेटोतील पॉइंटवर अवलंबून असे. पॉइंट जळून काळे पडले किंवा त्यांतील फट बदलली की गाडी रुसे. बारीक काचकागदाने ते घासून, फट पुन्हा बसवून ती सुरू करता येई. सायलेन्सरमध्ये साचलेला कार्बन हे दुसरे नेहमीचे कारण : धूर बाहेर पडायला वाट नसल्यामुळे इंजिन पेटून लगेच बंद पडे, आणि सायलेन्सर भाजून, ठोकून साफ करावा लागे. वीजशास्त्राचा गंध नसलेल्या असंख्य लोकांनी इंजिनाचे पहिले धडे या गाडीवर घेतले. म्हणून तिला येथे इतकी जागा दिली आहे.

पुढे बजाजची एम-८० (१९८६), १९८५ सालची हिरो होंडा सीडी १०० आणि १९९४ सालची स्प्लेंडर आली. ९७.२ घ. सेंमी.च्या या शेवटच्या दोन फोर-स्ट्रोक गाड्यांनी टू-टी तेल मिसळण्याचे काम संपवले. पॉइंटऐवजी सीडीआय ही ठिणगीची इलेक्ट्रॉनिक पेटी आल्यावर घासण्यासारखे काही उरले नाही. पेटी बिघडली की बदलायची.

ठिणगीची परीक्षा : प्लग काढावा, कॅपमध्ये पुन्हा बसवावा, त्याचा धातूचा भाग इंजिनाला घट्ट टेकवून किक मारावी. निळसर, कडकडणारी ठिणगी चांगली. पिवळसर, मरगळलेली कमजोर. ही परीक्षा सांडलेल्या पेट्रोलजवळ करू नये, प्लगचे भोक कापडाने झाकावे, आणि कॅप अधांतरी ठेवून किक मारू नये. त्याने सीडीआय जळू शकते. ठिणगी नसेल तर आधी नवा प्लग लावून पाहावा, मग कॅप, हाय-टेन्शन वायर, कॉइल, पल्सर कॉइल आणि चावीचा स्विच असा माग काढावा. धान्य व कापूस साठवलेल्या घरात गाडी ठेवली असेल तर उंदराने कुरतडलेली वायर विसरू नये.

काढलेला प्लग स्वतःच बरेच सांगतो. बऱ्याच किक मारूनही तो कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. पेट्रोलने चिंब असेल तर गाडी ओव्हरफ्लो झाली : कॉक व चोक बंद करून, अॅक्सिलरेटर पूर्ण उघडून काही किक माराव्यात. काजळीसारखा कोरडा काळा थर असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त. या भागात त्याचे नेहमीचे कारण धुळीने भरलेला एअर फिल्टर. विटकरी-तपकिरी रंग हा आरोग्याचा.

पेट्रोल : कॉक ‘रिझर्व्ह’वर करून पाहणे हा पहिला उपाय. कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून धार वाहते का ते पाहावे. धार लगेच थांबली तर टाकीतील गंज, कॉकची तुंबलेली जाळी किंवा टाकीच्या झाकणाचे बंद झालेले हवेचे छिद्र हे कारण असते. झाकण उघडताच हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला तर छिद्रच दोषी. गाडी फक्त चोकवर चालत असेल तर स्लो जेट भरला आहे. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत पेट्रोल सुकून त्याचा चिकट थर तेथे बसतो. जेट तारेने कोरू नये, हवेच्या दाबाने उडवावा. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलबद्दल जुन्या गाड्यांच्या मालकांत व अधिकृत पातळीवर एकमत नाही. इथेनॉल पाणी धरून ठेवते, एवढे मात्र निर्विवाद आहे.

ऊन : मे महिन्यात शिंदखेड्याहून निघालेली गाडी काही अंतरावर आपोआप बंद पडते आणि सावलीत थंड झाल्यावर काहीच न घडल्यासारखी सुरू होते, तेव्हा संशय गरम झाल्यावर निकामी होणाऱ्या कॉइलवर घ्यावा. पेट्रोलची नळी इंजिनाला टेकली असेल तर आत वाफ धरते. दोन्ही कारणे बाहेरून सारखीच दिसतात. बंद पडलेल्या क्षणीच ठिणगी तपासली तर निवाडा होतो.

पाऊस : कॅप व वायर पुसून कोरडी करणे.

दाब : किक हाताने हलवावी इतकी हलकी लागत असेल तर टॅपेट घट्ट बसले, व्हॉल्व्ह भाजले किंवा रिंगा झिजल्या आहेत. हे काम रस्त्यावरचे नाही.

२०२० नंतरच्या गाड्या : १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानक लागू झाल्यावर बहुतेक लहान मोटरसायकलींत कार्ब्युरेटरची जागा इंजेक्शनने घेतली. टाकीतील पंप विजेवर चालतो, त्यामुळे बॅटरी पूर्ण उतरली तर धक्का मारूनही अशी गाडी सुरू होईल याची हमी नाही. चावी लावताच पंपाचा क्षणभर आवाज येतो. तो आला नाही तर फ्यूज व बॅटरी पाहावी. स्थिर अवस्थेतील १२.६ व्होल्ट ही चांगल्या बॅटरीची खूण. गाडी आडवी पडल्यास कलदर्शक सेन्सर इंजिन बंद करतो; उभी करून चावी बंद-चालू केल्याशिवाय ती सुरू होत नाही. इंजेक्शनची नळी दाबाखाली असते, ती रस्त्यावर ओढून काढू नये. काही गाड्यांत डॅशवरील पिवळ्या दिव्याच्या मिचकावण्यांतून दोषाचा क्रमांक वाचता येतो.