काळा आजार, एक कंदील आणि कॅम्पबेलचा वॉर्ड

#धागा

भारतीय वैज्ञानिकांच्या कथा सांगताना एक चित्र हमखास रंगवले जाते. कलकत्त्यातील सियालदह भागातल्या रुग्णालयाची एक लहानशी खोली. तिथे ना गॅस, ना वीज. धुरकट कंदील जळतो आहे, रात्रीचे दहा वाजले आहेत आणि दिवसभराच्या श्रमांनंतर एका डॉक्टरला हवे ते संयुग अखेर गवसले आहे. हे चित्र खोटे नव्हे. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी स्वतःच पुढे त्या रात्रीची आठवण अशी सांगितली आहे. मात्र त्या कंदिलाच्या उजेडात खोली तेवढी दिसते, त्याच आवारातला वॉर्ड अंधारात राहतो. युरिया स्टिबामाइनचा इतिहास समजून घ्यायचा तर आधी वॉर्डात जावे लागते.

रोगाचे नाव काला-आजार. मराठी वाचकाला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. महिनोन् महिने हटत नसलेला ताप, पोटात दगडासारखी वाढत जाणारी पाणथरी, झडत चाललेले शरीर आणि काळवंडलेली त्वचा. उपचार न मिळालेल्या शंभरांपैकी नव्वदांहून अधिक रुग्ण दगावत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ही साथ गारो टेकड्यांकडून ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात वर सरकत गेली. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत आसामातील नौगाव जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास एक चतुर्थांशाने घटली आणि त्याचे प्रमुख कारण हा आजार मानला गेला. गावेच्या गावे ओस पडली.

कारणाचा पत्ता लागत नव्हता. जाइल्स यांना हा अंकुशकृमींचा प्रताप वाटला. रॉजर्स आणि रॉस यांच्यासारख्या नामवंतांनी त्याला मलेरियाचेच उग्र रूप मानले. क्विनाइन देत राहिले, रुग्ण मरत राहिले. १९०० मध्ये दमदमच्या छावणीत राहून गेलेल्या एका सैनिकाच्या पाणथरीत विल्यम लिशमन यांना सूक्ष्म गोलसर कण दिसले. त्यांनी ते १९०३ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हन यांनाही तेच कण आढळले. रॉस यांनी दोघांची नावे जोडून त्या परजीवीला ‘लिशमानिया डोनोव्हनी’ म्हटले. शत्रूला नाव मिळाले, शस्त्र मात्र नव्हते.

येथे ब्रह्मचारींच्या शिक्षणाकडे वळणे आवश्यक आहे. जन्म १८७३ चा. वडील जमालपूरला रेल्वेचे डॉक्टर. मुलाने पदवी घेतली ती गणितात. त्यानंतर कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रसायनशास्त्रात एम. ए. केले. तेथे प्रफुल्लचंद्र राय हे त्यांचे शिक्षक होते. वैद्यकाकडे ते वळले ते यानंतर. १९०२ मध्ये एम. डी. आणि १९०४ मध्ये रक्तपेशींच्या विघटनावरील संशोधनासाठी पीएच. डी. आजच्या विद्याशाखांच्या भिंती पाहता हा प्रवास भरकटल्यासारखा वाटेल. त्या काळीही तो सर्रास घडणारा नव्हता.

इतकी पात्रता असूनही त्यांना जागा मिळाली ती कॅम्पबेल मेडिकल स्कूलमध्ये. ‘कॉलेज’ आणि ‘स्कूल’ या दोन शब्दांतले अंतर त्या काळी फार मोठे होते. मेडिकल कॉलेजातून पदवीधर डॉक्टर बाहेर पडत आणि तिथली वरची पदे बहुतांशी इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या, म्हणजे प्रामुख्याने गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती असत. स्कूलमधून बाहेर पडत ते परवानाधारक वैद्य. जिल्ह्याच्या दवाखान्यांत आणि चहामळ्यांवर दुय्यम पदांवर राबणारा हा वर्ग. अशा संस्थेकडून संशोधनाची अपेक्षा कोणी करत नव्हते. प्रांतिक सेवेतले ब्रह्मचारी १९०५ पासून सुमारे अठरा वर्षे तेथे वैद्यक शिकवत राहिले आणि रुग्णालयाचे प्रमुख चिकित्सक म्हणून वॉर्ड सांभाळत राहिले.

परंतु मेडिकल कॉलेजच्या प्रतिष्ठेत न मिळणारी एक गोष्ट कॅम्पबेलमध्ये विपुल होती, ती म्हणजे शहरातले गरीब रुग्ण. विद्यार्थ्यांना खाटेशी उभे करून मलेरिया आणि काला-आजार यांतला भेद शिकवायचा, तर आधी शिक्षकाला तो पक्का उमगलेला हवा. पाणथरीत सुई घालून निदान करण्यात रक्तस्रावाचा धोका होता. म्हणून रक्तद्रवातील ग्लोब्युलिनच्या वाढीवर आधारलेली सोपी चाचणी त्यांनी १९१७ मध्ये मांडली. औषधाच्या आधी निदान आले, हा क्रम महत्त्वाचा आहे.

औषधाची पहिली दिशा बाहेरून आली. अँटिमनी ही धातू आपल्याकडे सुरम्याच्या रूपाने जुनी ओळखीची. ‘टार्टार एमेटिक’ हे तिचे संयुग युरोपात वांतीचे औषध म्हणून शतकानुशतके वापरात होते. ब्राझीलमध्ये गास्पार व्हियाना यांनी ते लिशमानियाच्या त्वचारोगावर वापरले. १९१५ मध्ये सिसिलीत दि क्रिस्तिना व कारोनिया यांनी, तर कलकत्त्यात रॉजर्स यांनी ते काला-आजारावर शिरेतून दिले. गुण येऊ लागला. पण सुया महिनोन् महिने घ्याव्या लागत. खोकला आणि ओकाऱ्यांनी रुग्ण हैराण होई, आणि हातावर पोट असलेला माणूस उपचार अर्धवट टाकून घरी जाई. अर्धवट उपचार म्हणजे बहुधा पुन्हा मरणच.

वॉर्डातल्या याच अनुभवातून ब्रह्मचारींचा प्रश्न स्पष्ट झाला. अँटिमनी जंतूला मारते हे खरे, पण रुग्णाला सोसेल आणि थोडक्या सुयांत काम उरकेल अशा रूपात ती बांधता येईल का? येथे चिकित्सक थांबतो आणि रसायनज्ञ पुढे होतो. आर्सेनिकच्या बाबतीत हे घडून गेले होते. पॉल एर्लिख यांनी आर्सेनिकला सेंद्रिय रेणूत जखडून उपदंशावरचे साल्व्हर्सान घडवले होते. आवर्तसारणीत अँटिमनी आर्सेनिकच्या थेट खालच्या घरात बसते. दोघींचे गुणधर्म बरेच जुळतात. मग बेन्झीनच्या कड्याला एका बाजूला अमाइन गट आणि समोरच्या बाजूला अँटिमनी, असा रेणू का करू नये?

सांगायला हे सोपे आहे. या कुळातली संयुगे करताना मधली एक पायरी थंडीतच उरकावी लागते, कारण तयार होणारे डायअझोनियम संयुग उष्णतेने विघटित होते. कलकत्त्याचा उकाडा आणि त्या खोलीतली साधने ध्यानात घेतली की कंदिलाच्या आख्यायिकेपेक्षा ही एक पायरी अधिक काही सांगून जाते. १९१९ च्या अखेरीस इंडियन रिसर्च फंड असोसिएशनचे अनुदान मिळाले आणि कामाला वेग आला. एकामागून एक संयुगे करून पाहिली गेली. शेवटी पॅरा-अमिनोफेनिल स्टिबिनिक आम्ल युरियासोबत तापवून जे मिळाले, ते युरिया स्टिबामाइन. यातली अँटिमनी पंचसंयुजी, टार्टार एमेटिकमधली त्रिसंयुजी. शरीराला पहिली पुष्कळच अधिक सोसते.

ऑक्टोबर १९२२ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये आठ रुग्णांवरील उपचारांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठच. त्या आठ जणांची नावे या कथेत कोणीही सांगत नाही. रुग्णाची लेखी संमती घेण्याची पद्धत त्या काळच्या रुग्णालयांत रूढ नव्हती आणि कॅम्पबेलच्या खाटेवर येणाऱ्याला दुसरा पर्यायही फारसा नव्हता. ब्रह्मचारींच्या थोरवीला यामुळे उणेपणा येत नाही, पण नव्या औषधाचा पहिला धोका कोणी पत्करला हे नोंदवल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

पुढचा भाग आसामचा. शॉर्ट यांनी शिलाँगच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये औषध पारखून त्याची शिफारस केली आणि सरकारी मोहिमेत ते गावोगाव पोहोचले. महिन्यांचा उपचार काही आठवड्यांवर आला. उपचार घेणाऱ्यांतील मृत्यूंचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास उतरले. दहा वर्षांत सुमारे सव्वातीन लाख जीव वाचल्याचा अंदाज आसामच्या आरोग्य खात्याने वर्तवला. विशेष म्हणजे हा आजार पसरतो कसा हे तेव्हा सिद्धच झालेले नव्हते. वालुमाशीचा दोष निर्विवादपणे सिद्ध झाला तो १९४२ मध्ये, स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांच्या प्रयोगांतून.

वादही झाले. औषधाची नेमकी रचना काय यावर रसायनज्ञांचे एकमत होईना. ते एक शुद्ध लवण नसून मिश्रण आहे, असे १९३० च्या सुमारास विश्लेषणांतून पुढे आले. आक्षेप रास्त होता. शास्त्रीय शिस्तीत रेणू आधी ओळखावा लागतो, रुग्ण मात्र तोवर थांबू शकत नव्हते. नोबेलसाठी ब्रह्मचारींचे नाव १९२९ मध्ये सुचवले गेले. त्या वर्षी वैद्यकाचे पारितोषिक जीवनसत्त्वांच्या शोधासाठी आइकमान आणि हॉपकिन्स यांना गेले. १९४२ मध्ये पुन्हा नामांकने झाली, पण महायुद्धामुळे त्या वर्षी हे पारितोषिक दिलेच गेले नाही. समाजमाध्यमांवर या प्रकरणाची ‘नोबेल डावलले’ एवढ्या दोन शब्दांत बोळवण होते. लिखित पुरावा नामांकनांचा आहे, कटाचा नव्हे. रॉयल सोसायटीचे सदस्यत्वही त्यांना लाभले नाही. १९३४ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला, १९३६ मध्ये इंदूरच्या सायन्स काँग्रेसचे अध्यक्षपद मिळाले. ६ फेब्रुवारी १९४६ रोजी त्यांचे निधन झाले.

युरिया स्टिबामाइन आज वापरात नाही. नंतरची अँटिमनीची औषधेही १९९० च्या दशकापर्यंत बिहारमध्ये मोठ्या प्रमाणावर निष्प्रभ ठरू लागली. परजीवीने प्रतिकार कमावला होता. ब्रह्मचारींचे दुसरे एक निरीक्षण मात्र अजूनही रोजच्या कामात आहे. बरे होऊन गेलेल्या काही रुग्णांच्या त्वचेवर पुढे फिकट चट्टे आणि गाठी उठतात, ताप नसतो, माणूस धडधाकट असतो, पण त्या चट्ट्यांत परजीवी जिवंत असतात, हे त्यांनी १९२२ मध्येच लिहून ठेवले होते. बऱ्या झालेल्या रुग्णाला पुन्हा तपासणाऱ्या डॉक्टरलाच दिसू शकेल अशी ही गोष्ट. अशा रुग्णाला चावलेली वालुमाशी साथ पुन्हा पेटवू शकते. म्हणूनच काला-आजार निर्मूलनाच्या मोहिमेत बिहारच्या गावांमध्ये आशा कार्यकर्त्या तापाच्या रुग्णांबरोबरच अंगावर असे चट्टे असलेली, एरवी निरोगी दिसणारी माणसेही घरोघर शोधतात.