इंग्रजी संभाषणातील ओघ

द्वितीय भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यास अकारण न अडखळता, अर्थ न हरवता बोलता येणे, यास संभाषणातील ओघ म्हणतात. ओघ म्हणजे वेग नव्हे. महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. तरीही लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळवणारा विद्यार्थी बोलताना पुष्कळदा थबकतो. याचे एक कारण वाक्यरचनेत आहे. मराठीत क्रियापद सामान्यतः शेवटी येते, इंग्रजीत कर्त्यामागोमाग; त्यामुळे मनात मराठी वाक्य रचून भाषांतर करणाऱ्यास मध्येच थांबावे लागते. नित्याचे शब्दसमूह मुखोद्गत असल्यास हा खोळंबा कमी होतो. ‘४-३-२’ या सरावात एकच विषय तीन निरनिराळ्या श्रोत्यांना अनुक्रमे ४, ३ व २ मिनिटांत सांगितला जातो. श्रोत्याने चुका दुरुस्त करण्यासाठी मध्ये अडवायचे नसते. त्या नंतर दाखवता येतात.